लिफ्टवाल्याची एक ओळ

माझे भाऊजी पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करतात आणि मिरवण्यासाठी आमच्या वाचनालयाचा कॉम्प्युटर. हे मी नाही, ताई म्हणते. ती त्यांना तीस वर्षं झेलते आहे, तेव्हा खरंच असणार.

कॉम्प्युटर चालवणारी, लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली त्यांनी पन्नाशीत शिकून घेतली. का, तर तिचं पोट उघडून आत काय चाललंय ते बघता येतं. ज्याचं झाकण उघडता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास बसत नाही, मग तो मिक्सर असो की जावई.

लिफ्टच्या कामात मात्र माणूस भलताच कडक. माणसं जास्त झाली की लिफ्ट घंटा वाजवते आणि हलायला तयार होत नाही. लोक वैतागतात, 'तेवढी घंटा काढून टाका हो' म्हणून मागे लागतात. अशांना भाऊजी जिना दाखवतात.

मी वाचनालयात बोलक्या पुस्तकांचा विभाग सांभाळते. विभाग म्हणजे भिंतींना गाद्या चिकटवलेली एक चिमुकली खोली, एक माइक, आणि ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी पुस्तकं वाचून देणारी पाच माणसं. त्यांत आमच्या भूगोलाच्या बाई सगळ्यात जुन्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर आल्या आणि चौदा वर्षांत एकसष्ट पुस्तकं वाचून मोकळ्या झाल्या. स्वतः वाचलेलं प्रकरण त्या पुस्तक समोर धरून पूर्ण ऐकायच्या. एक शब्द चुकला तरी पुन्हा खोलीत.

यंदा बाईंच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. हातात एका समुद्रप्रवासाचं जाडजूड पुस्तक होतं, त्याची चार प्रकरणं उरलेली. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात बाई रोज आल्या आणि कोमट पाणी पीत, थांबत थांबत, चारही वाचून संपवली. तपासायला वेळ उरला नाही. 'आल्यावर ऐकते,' म्हणाल्या आणि गेल्या.

दोन महिन्यांनी परत आल्या त्या गळ्याला रुमाल बांधून, हातात पांढरी पाटी आणि पेन घेऊन. पाटीवर लिहिलं होतं, 'शेवटची चार लाव.'

मी फोल्डर उघडलं. अठरापर्यंत सगळी प्रकरणं होती. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस नव्हती. पुन्हा पाहिलं, खाली-वर करून पाहिलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"मशीन जरा कुरकुर करतंय बाई, परवा याल का?"

बाईंनी उभा जन्म वर्गात थापा ऐकण्यात घालवलेला. माझ्याकडे नुसतं पाहिलं, पाटीवर 'बरं' लिहिलं आणि निघून गेल्या. बाकी कुठलंही प्रकरण मी हातापाया पडून पुन्हा वाचून घेतलं असतं. ही चार वाचणारा आवाज आता जगातच नव्हता.

भाऊजी जेवण अर्धं टाकून आले. आमची रेकॉर्डिंगं कॉम्प्युटरच्या आत नसतात. केबल लावून ठेवलेल्या एका बाहेरच्या डिस्कवर असतात. या प्रणालीत डिस्क नुसती खुपसून भागत नाही, ती एका फोल्डरवर बसवावी लागते. त्याला माउंट करणं म्हणतात. डिस्क बसली की त्या फोल्डरात तिच्यातलं सामान दिसतं. एवढं मला येतं, कारण पूर्वी झाडताना केबल हलली की मशीन सकाळी सुरूच व्हायचं नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची, डिस्क सापडत नाही म्हणून, आणि मी भाऊजींना फोन करायची. पाचव्या फोननंतर त्यांनी काहीतरी केलं आणि ती कटकट कायमची गेली. मी त्यांना चहा पाजला होता.

पहिली दुपार केबल, खोका आणि डिस्क तपासण्यात गेली. डिस्क ठणठणीत. मग पुसलेल्या फायली खरवडून काढणारा एक प्रोग्राम लावला. त्याने मी सहा वर्षांपूर्वी पुसलेलं माझं स्वतःचं गाणं शोधून काढलं. बाईंचा मात्र एक शब्द नाही.

"पुसलंच गेलं नाहीये," भाऊजी म्हणाले. "इथं कधी आलंच नव्हतं."

"म्हणजे बाई आठवडाभर हवेत वाचत होत्या?"

"मेहुणीबाई, जरा गप्प बसता का?"

दुसऱ्या दुपारी ते कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कचा हिशेब करत बसले. सगळ्या फोल्डरांची बेरीज एक येत होती, आणि भरलेली जागा त्याहून तीन जीबी जास्त दिसत होती. तीन वेळा मोजलं. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "रिकामी लिफ्ट वजन दाखवतेय. आत कुणीतरी आहे."

त्यांनी मशीन सुरू होतानाच्या जुन्या नोंदी उघडल्या. बाईंच्या त्या आठवड्यात रोज सकाळी एकच ओळ होती, डिस्क सापडली नाही, तिच्याविना पुढे जातो. भाऊजींचा चेहरा उतरला.

"हे माझं काम," ते म्हणाले. "तुझे फोन थांबावेत म्हणून मी त्याला लिहून दिलं होतं, डिस्क नसली तरी ओरडू नकोस, चालू हो. घंटाच काढून टाकली की मी."

त्या आठवड्यात केबल सैल होती. मशीन गुपचूप सुरू झालं, डिस्क बसली नाही, आणि बाईंचा आवाज डिस्कवर न जाता तिच्या जागी असलेल्या मोकळ्या फोल्डरातच साठत गेला. रेकॉर्डिंग आपोआप साठतं, म्हणून मी फोल्डर उघडून पाहिलंच नव्हतं. पुढे कुणाचा तरी धक्का लागून केबल बसली. डिस्क येऊन त्या फोल्डरावर बसली आणि खालचं सगळं झाकून गेलं.

भाऊजींनी डिस्क उतरवली आणि तेच फोल्डर पुन्हा उघडलं. चार फायली. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. माझा जीव भांड्यात पडला आणि मी सरळ रडायला लागले. भाऊजींनी आधी फायलींच्या तीन प्रती केल्या, मग मला रुमाल दिला. घंटा परत जोडूनच ते घरी गेले.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा ते दाढी-बिढी करून हजर. मी नको म्हणत असताना त्यांनी उभं राहून सगळा गुन्हा कबूल केला. बाईंनी पाटीवर लिहिलं, 'सापडली ना? मग बसा.'

बाईंनी हेडफोन लावला, पुस्तक उघडलं. चार तास त्या स्वतःचा आवाज ऐकत होत्या, पानावर बोट फिरवत. मला त्यांच्याकडे बघवेना. बाविसावं प्रकरण चालू असताना बोट अचानक थांबलं. त्यांनी मागे घेऊन पुन्हा ऐकलं. एक ओळ वाचायची राहून गेली होती. 'मग वारा पडला, आणि आम्ही किनाऱ्याची वाट पाहत बसून राहिलो.'

एरवी त्या तडक उठून खोलीत गेल्या असत्या. आता पेन हातात धरून तशाच बसल्या.

मग त्यांनी पाटी भाऊजींकडे वळवली. 'शिक्षा म्हणून ही ओळ तुम्ही वाचा.'

भाऊजींना आधी हसू आलं, मग घाम फुटला. माइकसमोर त्यांचा आवाज गंजल्या दारासारखा निघाला. बाईंनी मान हलवली, पुन्हा. 'वारा'नंतर घाई झाली, पुन्हा. 'किनाऱ्याची' गिळलं, पुन्हा. नवव्या खेपेला बाईंनी मान डोलावली आणि मी ती ओळ तिच्या जागी जोडली.

"बाई," मी विचारलं, "ही ओळ दुसऱ्यानं वाचलीय, असं शेवटी सांगायचं का?"

त्यांनी जरा विचार केला. 'नको. मी पाणी प्यायला उठले होते, असं समजतील.'

मी पुन्हा लावून पाहिलं. वारा पडतो, भाऊजी किनाऱ्याची वाट पाहत बसून राहतात, आणि लगेच पुढच्या वाक्याला बाई परत येतात.