मांजरीच्या तोंडातला धागा

तीस वर्षं मी यंत्रमागाच्या कारखान्यात लूमवर काम केलं. कान गेले, पण बोटं शाबूत राहिली आणि त्या बोटांचा मला फार गर्व होता. ताण्यातली, म्हणजे उभ्या धाग्यांतली, एखादी तार तुटली, की हजार तारांमधून ती बोटांनीच सापडायची. ओढून घ्यायची, गाठ मारायची, लूम पुन्हा चालू. धागा दिसला की ओढायचा, एवढंच मी आयुष्यात शिकलो.

आता मी घरी बसून असतो. बायको तयार कापडावरचे लोंबते धागे कापायचं, कटिंगचं काम घरी आणते. तिची नजर अधू झाली आहे, तरी कात्री अंदाजानं चालते. सुईत दोरा मात्र ती माझ्याकडूनच ओवून घ्यायची. "तुमचा हात लूमचा हाय," म्हणायची. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मांजर तिची होती. शेलारहून, माहेरून पिशवीत घालून आणलेली. तिला बोंबील उकडून, काटे काढून मिळायचे. दुधानं पोट बिघडतं हे कळल्यावर दूध बंद झालं. पाण्याची वाटी दिवसातून दोनदा घासली जायची. मी म्हणायचो, "पुढच्या जन्मी तुझ्या घरी मांजर होऊन येतो." ती म्हणायची, "या जन्मी तरी कुटं येगळं हाय? आयतंच तर खाता."

एका सकाळी मांजरीनं बोंबलाला तोंड लावलं नाही. दुपारपर्यंत दोनदा पिवळं पाणी ओकली आणि खाटेखाली जाऊन बसली. "पोटात केसांचा गोळा असंल," बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. चमच्यानं पाणी पाजावं म्हणून मी तिला मांडीवर घेतलं, जबडा उघडला, तर जिभेखालून पांढरा धागा आत गेलेला.

मी विचार केला नाही. बोटांनी धागा आधीच पकडला होता. वीतभर आला आणि अडकला. अडकलेली तार कशी सोडवायची हे मला कोणी शिकवायला नको होतं. थोडी ढील दिली, पुन्हा ओढला. मांजरीनं माझ्या मांडीत नखं रुतवली, पण आवाज केला नाही. आणखी थोडा आला आणि तुटला.

"निघाला," मी बायकोला धागा दाखवला. तिनं देवापुढे दिवा लावला. मांजर दोन घोट पाणी प्यायली, तेव्हा आम्हाला वाटलं सुटली बिचारी.

दुसऱ्या दिवशी तिचं पोट दगडासारखं झालं होतं. ठाण्याच्या डॉक्टरकडे निघालो. मानकोलीच्या नाक्यावर ट्रकांमागे रिक्षा अर्धा तास उभी. डॉक्टरनं पोट चाचपलं आणि विचारलं, "धागाबिगा गिळला होता का?"

बायको घाईनं म्हणाली, "व्हता, पन ह्यांनी काडला. तीस वर्सं लूमवर व्हते ना." तिच्या आवाजात कौतुक होतं.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. "काका, धागा जिभेखाली अडकतो आणि दुसरं टोक आतड्यात उतरतं. ओढला की आतड्याला चुण्या पडतात आणि धागा त्याला आतून कापतो. हात न लावता तसाच आणायला हवा होता." मग म्हणाला, "ऑपरेशन करतो. पण आशा ठेवू नका."

मांजर टेबलावरच गेली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं. परत येताना रिक्षात वाटत होतं, बायकोनं मला शिव्या घालाव्यात. ती म्हणाली, "धागा माज्याच कटिंगचा व्हता." तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, की धागा तुझा असला तरी हात माझा होता. मी बाहेर बघत बसलो.

परवा ती उसवलेल्या परकराला टाका घालायला बसली. सुई उजेडाकडे धरून तिनं दोरा पाच-सहा वेळा ओवून पाहिला. मी समोरच होतो, हात मांडीवर ठेवून. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी सुई डबीत टाकली आणि परकर उसवलेलाच घडी करून ठेवून दिला.