सुमन रस्ते झाडत होती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कप धुणं. ती विसळत होती, मी पुसत होतो. घरात भांडी धुण्याचं मशीन आहे, पण सुमनचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "आधी आपणच विसळून आत ठेवायची, मग ते काय करतं, आराम?" म्हणायची.

पुढच्या खोलीत माणसं बसलेली. अमेरिकेतल्या या पार्सिपनी गावातली पाच-सहा मराठी घरं. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी जमतात, एक जण एखाद्या विषयावर बोलतो, मग खातात. त्या शनिवारी पाळी मिलिंदच्या घराची होती. मिलिंद म्हणजे आमचा मुलगा. बोलणारा डॉक्टर. दवाखान्यातला नाही, पीएचडीच्या कागदावरचा. मूळचा पुण्याचा, औषधाच्या कंपनीत मोठा साहेब आहे, आमच्याच गल्लीत दोन घरं सोडून राहतो. विषय होता, पहिल्या महायुद्धात हरलेली जर्मनी परत कशी उभी राहिली.

मी चौथी शिकलेला माणूस. पण कान शाबूत आहेत. पाव आणायला हातगाडीभर नोटा लागायच्या म्हणे. मग नवं चलन काढलं, अमेरिकेनं कर्ज दिलं, जरा बरं चाललं. मग अमेरिकाच बसली, कर्ज परत मागायला लागली आणि तिकडे लाखो माणसं घरी बसली. मग एक कडक माणूस आला. इथे डॉक्टरचा आवाज चढला. रस्ते बांधले, कारखाने पेटवले, चार-पाच वर्षांत बेकार माणूस औषधाला मिळेना. टीव्हीवर चित्र लावलं होतं. खांद्यावर फावडी घेऊन पोरं रांगेत चाललेली, बंदुका घेतल्यासारखी.

"डिसिप्लिन!" डॉक्टर म्हणाला. "आपल्याकडे नेमकं हेच नाही यार."

कारखान्यांत काय बनत होतं, ते त्यानं एका वाक्यात उरकलं. तोफा आणि विमानं. "पुढे चुका झाल्या, तो भाग वेगळा." चुका! भाजीत मीठ जास्त पडल्यासारखा म्हणाला.

मग युक्ती सांगितली. बायकांना नोकरीवरून घरी पाठवायचं. लग्न करून काम सोडलं तर जोडप्याला कर्ज, पोरं होतील तसतसं माफ. घरी बसलेली बाई बेकारांत धरायचीच नाही. काही लोकांना नोकरीवरून काढून टाकलं, तेही धरायचे नाहीत. झाली बेकारी कमी. "स्मार्ट मॅनेजमेंट," डॉक्टर म्हणाला. लोक हसले.

काही लोक. ते ज्यू होते हे त्याला माहीत होतं, पण तोंडातून शब्द निघाला नाही. आम्हाला तो सांगावाही लागत नाही. आम्ही जिथे गेलो तिथे काही लोकच होतो.

सुमन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून ऐकत होती. तिनं विचारलं, "मग त्या बायकांच्या घरी चूल कशावर पेटत होती?"

डॉक्टर हसला. "काकू, नवरे कमवत होते ना. तुमच्याकडे नाही का काका कमवत होते? तुम्ही आपल्या घरच्या राणी!"

"यांचा कारखाना तर बंद पडला होता," सुमन म्हणाली. "तेव्हा मी..."

"आई," मिलिंद मध्येच म्हणाला, "सगळ्यांना चहा टाकतेस का?"

ती उठली.

"काकू, आलं जरा ठेचून हं!" डॉक्टर मागून ओरडला. पुन्हा हसणं.

तिचं तोडलेलं वाक्य मी पुरं करतो. मी कामाला होतो तो भोसरीचा कारखाना बंद पडला तेव्हा मी बरीच वर्षं घरी होतो. सुमन पुण्याचे रस्ते झाडत होती. महापालिकेची झाडूवाली. तीस वर्षं. उजाडायच्या आत निघायची. मेलेली कुत्री उचलली, लोकांच्या बाळांचे हगलेले लंगोट उचलले. उन्हात पाणी मागितलं तर बंगल्यातल्या बाया वरून ओतायच्या, हिनं ओंजळ धरायची. त्या ओंजळीवर मिलिंद इंजिनियर झाला. आणि अमेरिकेत उतरल्या उतरल्या त्यानं आधी आडनाव बदललं, मग आईचं काम पुसलं. बाबा कंपनीत होते, आई हाऊसवाइफ. इथल्या सगळ्यांना हेच पाठ.

कप विसळता विसळता ती म्हणाली, "मिलिंद घाबरतो हो."

"कुणाला? त्या टकल्या डॉक्टरला?"

"आपल्याला."

तिनं शेवटचा कप माझ्या हातात दिला. "त्या जर्मनीतल्या बायका मुकाट घरी बसल्या असतील का हो? मी नसते बसले. मुकादमाच्या डोक्यात झाडू घातला असता." आणि पदराला हात पुसत हसली.

बुधवारी दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना ती खाली बसली. हॉस्पिटलला पोचायच्या आधीच संपली होती.

रविवारी हॉल भाड्यानं घेऊन शोकसभा ठेवली. गाडीत मिलिंद म्हणाला, "बाबा, तुम्ही काही बोलू नका. डॉक्टर बोलतील. ते छान बोलतात."

छान बोलला. पांढरा झब्बा घालून आला होता. म्हणाला, "काकू म्हणजे साधी, भोळी गृहिणी. बाहेरच्या जगाचा त्यांना वाराही लागला नाही. घर हेच त्यांचं विश्व."

जिचं सगळं आयुष्य रस्त्यावर गेलं, तिला बाहेरचा वारा लागला नाही! मेल्यावरही हा तिला घरी बसवत होता. कामावरून काढत होता. मला ते चित्र आठवलं नाही, जर्मनी आठवली नाही. फक्त तिचं अर्धं राहिलेलं वाक्य आठवलं. मी उभा राहिलो.

"थांबा डॉक्टर. ती गृहिणी नव्हती. झाडूवाली होती. पुण्याचे रस्ते झाडायची, तुमच्या पुण्याचे."

डॉक्टर जवळ आला, खांद्यावर हात ठेवला. "काका, तुमचं दुःख मी समजू शकतो. बसा. पाणी घ्या."

"हात काढा. तुम्ही काय समजणार? तुमची घाण उचलून तिनं पोरगा शिकवला, म्हणून तो आज तुमच्या शेजारी बसतो. तिनं तुम्हाला काही सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही तिच्याकडे आल्याचा चहा मागितलात."

"बाबा, प्लीज," मिलिंदनं बाही ओढली. "इथे नको."

"मग कुठे? तिला तर तू बोलूच दिलं नाहीस. आता ती ऐकतही नाही."

मागून एक बाई हळूच म्हणाली, "शॉकमध्ये आहेत बिचारे." म्हणजे खरं बोलणारा म्हातारा शॉकमध्ये, आणि डॉक्टरच्या त्या युक्तीवर हसणारे शुद्धीवर. बाकी सगळे आपापले बूट बघत होते. जर्मनीबद्दल तासभर बोलू शकणारी माणसं. एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की ती कुठला रस्ता झाडायची. जेवण मात्र सगळ्यांनी केलं. श्रीखंड उरलं नाही.

घरी येताना मिलिंद गाडीत रडला. आईसाठी की स्वतःसाठी, मी विचारलं नाही. "आता मी या लोकांना तोंड कसं दाखवू?" म्हणाला. मला उत्तर मिळालं.

सोमवारी सकाळी आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी येते. मी जाकीट चढवलं आणि जाऊन डॉक्टरच्या दारासमोर फुटपाथवर उभा राहिलो. डॉक्टर कॉफीचा मग घेऊन बाहेर आला होता. मला बघून त्याचा पाय दारातच अडकला.

गाडीच्या मागे लटकलेला धिप्पाड माणूस खाली उतरला. डॉक्टरचा डबा उचलायला लागला. मला येतं तेवढ्या इंग्रजीत मी मोठ्यानं त्याला म्हणालो, "माय वाइफ, सेम वर्क. इंडिया. थर्टी इयर्स. शी डेड."

तो थांबला. डबा तसाच हातात. "थर्टी इयर्स?" म्हणाला. "टफ लेडी." डबा रिकामा केला, गाडीवर चढला, गेला. त्याला कामं होती.

डॉक्टर तोंडातल्या तोंडात म्हणाला, "काका, शेजारी ऐकतात हो."

"ऐकू देत," मी म्हणालो. "त्यांनाही सांगणारच आहे. तुमच्या शनिवारी येऊनही सांगणार. मिलिंदनं घराबाहेर काढलं तर बाहेर उभा राहून सांगेन. जो विचारेल त्याला सांगणार. आणि न विचारणाऱ्याला आधी."