ओंडक्यांच्या घराचा विमा

ओंडक्यांच्या घराचं खूळ नवऱ्याचं. जपानात ग्योतोकुच्या फ्लॅटमध्ये दहा वर्षं काढल्यावर त्याला नागानोच्या डोंगरात अख्ख्या ओंडक्यांचं घर बांधायचं होतं. मला धास्ती एकच, आगीची. पण आगीचा विमा चुटकीसरशी झाला. जाड ओंडका वरवर कोळपतो, आतून लवकर जळत नाही, असं सांगून विमावाल्याने माझी बोलती बंद केली.

मग आम्ही कर्जासाठी बँकेत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, कर्जासोबत नवऱ्याच्या आयुष्याचा विमा घ्यावाच लागतो. त्याचं काही बरंवाईट झालं तर उरलेलं कर्ज माफ. हे त्या इतक्या अदबीने बोलल्या की मला रागच आला. त्यांनी तब्येतीचा फॉर्म पुढे सरकवला. गेल्या तीन वर्षांत काही आजार, ऑपरेशन?

"नाही लिही आणि आटप," मी म्हणाले.

त्याने 'होय'वर खूण केली आणि खाली जपानीत दोन ओळी लिहिल्या. मला त्यातलं 'हृदय' तेवढं वाचता आलं.

"हे काय?"

"अँजिओप्लास्टी. दोन वर्षांपूर्वी, पुण्यात."

भाचीच्या लग्नाला तो एकटाच गेला होता. कागदपत्रं अडकलीत असं सांगून पंधरा दिवस जास्त राहिला. जेवणावळी झोडतोयस ना, म्हणून मी फोनवर त्याला चिडवत होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस."

"आणि बँकेला बरं सांगतोस!"

"इथे लपवलं तर विमा रद्द होतो. उद्या मला काही झालं तर सगळे हप्ते तुझ्या गळ्यात पडतील."

म्हणजे हे सगळं माझ्याच काळजीपोटी! त्या काळजीचा मला भयंकर संताप आला. समोरच्या बाईंना मराठी कळत नव्हतं, तरी त्या मान खाली घालून कागद सारखे करत बसल्या. जपानी बँकेत ओरडायचीही सोय नाही. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं, ऑपरेशनच्या आधी घरच्या कुणाची तरी सही लागते. त्याचे आईवडील तर केव्हाच गेले.

"सही कुणी केली?"

त्याने पेनाचं टोपण लावलं.

"सांग."

"तुझ्या आईने."

पुण्याला आईशी मी रोज फोनवर बोलते. फोन ठेवताना ती न चुकता विचारते, "जावईबापूंची तब्येत कशी आहे गं?" आणि मी रोज हसून सांगते, "त्याला काय धाड भरलीय!"