चहाच्या खोक्यातल्या पाली

लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि माझी अक्कल सात. पिंपरीच्या माळावर तेव्हा पहिल्या कंपन्या उभ्या राहत होत्या. आमचे हे तिथे शिफ्टला जायचे, सासूबाई शेतावर, आणि मी घरात पाली पाळायचे. हो, पालीच. भिंतीवरच्या. लोकांच्या सुना कोंबड्या पाळत. मला पाली आवडल्या, त्याला कोण काय करणार?

वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं आणलं, तोंडाला फाटक्या मच्छरदाणीचा तुकडा बांधला, आत फुटकी कौलं उभी केली. खायला कंदिलावरचे किडे आणि मोरीतली झुरळं. वाटीतलं पाणी त्या पीत नाहीत, खोक्याला आतून शिंपडलं की चाटतात.

एका पालीच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी दिसायला लागली, तेव्हा मी अशी मिरवले, जणू मलाच दिवस गेलेत! अंडी पडली. कोंबडी अंडी फिरवते हे माहेरी पाहिलेलं, म्हणून ही शहाणी रोज सकाळी दोन बोटांनी ती उलटीपालटी करायची. पाल अंडी घालून मोकळी झाली होती, आई मीच झाले होते. दोन्ही नासली.

दुसऱ्या जोडीला मी बोटसुद्धा लावलं नाही. पिलं निघायला आली, आणि नेमके तेव्हाच नणंदेला बघायला पाहुणे यायचं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, "ते खोकं उकिरड्यावर टाक."

"आत्याबाई, आता हलवलं तर पिलं मरतील."

"मरू देत. पालीचं बाळतपण कराया आणलीया व्हय तुला?"

"खोकं गेलं तर मीही जाईन."

"जा की! कोन आडवतंय? जा म्हायेरी!"

आणि खोक्यातून आवाज आला. चुक् चुक् चुक्.

बोलताना पाल चुकचुकली की बोललेलं खरं होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सासूबाईंनी सवयीने जमिनीवर बोटं आपटून "कृष्ण, कृष्ण" म्हटलं, आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. तोवर मी पिशवीत लुगडं कोंबत होते.

"अगं, कुठं निगालीस?"

"पालीनं सांगितलं ना."

"पाव्हणं यायचं हायती, भाकरी कोन थापनार? मी आपली रागानं बोलले. ठेव ती पिशवी."

"आणि खोकं?"

"न्हाई टाकत. पर पडवीत ने."

"हलवायचं नाही म्हटलं ना."

"बरं बाई, ऱ्हाऊ दे तितंच! वर सूप तरी झाक!"

खरं सांगते, अशी भांडून गेले असते तर माहेरच्यांनी मला उंबऱ्यावरूनच परत धाडलं असतं. पण ते पालीला कुठे माहीत होतं, आणि सासूबाईंना मी कशाला सांगू?

पाहुणे येऊन गेले. मग पिलं निघाली, बोटाच्या पेराएवढी. सासूबाई नाकाला पदर लावून लांबून बघत होत्या.

"आता ह्यास्नी खायाला कोन घालनार?"

"मी," म्हटलं. आणि घातलं.