सायलीचं नाव असलेला ड्यूटी चार्ट

शिरूरला एसटी स्टँडजवळ माझं मेडिकलचं दुकान आहे. बावीस वर्षांत दुकानाला लिंबू-मिरची बांधू दिली नाही, एवढं सांगितलं की माझा स्वभाव कळेल. म्हणूनच हे लिहायला वेळ लागला... शिवाय यात चूक माझी आहे, आणि चूक कबूल करायची मला सवय नाही.

माझी मुलगी सायली एमबीबीएस झाली. तिला सर्जन व्हायचं होतं. पीजीसाठी कॉलेजांचे पसंतीक्रम भरायच्या आधी आम्ही एक कॉलेज बघायला गेलो. नाव सांगत नाही. सोबत दौंडचे तिचे मामा होते.

तिथले तीन रेसिडेंट डॉक्टर आमच्याशी बोलले ते विभागप्रमुखांच्या समोरच. "सुट्टी मिळते ना?" सायलीनं विचारलं. एकानं आधी सरांकडे बघितलं, मग म्हणाला, "हो हो, छान आहे सगळं."

बाहेर आल्यावर ती वैतागली. "पप्पा, तिघांच्याही एप्रनच्या खिशात टूथब्रश होता. हे लोक खोलीवर जातच नाहीत! आणि एकाला तरी एकटं भेटू दिलं का?"

"आगं, दात घासत्यात म्हंजी चांगलंच हाय की!" मामा हसले. "आन् घरापासनं दोन तासांवर. तुला काय लंडनला जायाचंय व्हय?"

मी पाणी प्यायला वॉर्डाशेजारच्या खोलीत गेलो. भिंतीवर ड्यूटी चार्ट लावलेला. सोमवार, मंगळवार, बुधवार – तिन्ही दिवस इमर्जन्सीला एकच नाव. आधीचं खोडून, निळ्या पेनानं लिहिलेलं. डॉ. सायली... पुढं आमचं आडनाव.

सिस्टरना विचारलं. "अशा कुणी मॅडम न्हाईत इथं." मी परत वळून बघितलं, तर दुसरीच नावं. खाडाखोडसुद्धा नव्हती.

शहाणा बाप घाबरला असता. मी खूश झालो! म्हटलं, शकुन आहे, पोरीचं नाव आधीच लागलंय. कुणाला बोललो नाही.

सायलीनं ते कॉलेज अकराव्या नंबरवर टाकलं होतं. पण ओटीपी माझ्या मोबाइलवर यायचा. शेवटच्या दिवशी ती आंघोळीला गेली असताना मी ते पहिल्यावर घेतलं आणि फॉर्म लॉक केला. सीट तीच लागली. क्रम मी बदलला हे तिला कळलं, पण सीट सोडली तर वर्ष जाणार होतं. तिनं बॅग भरली.

चौथ्या महिन्यात, एका मंगळवारी तिचा फोन. "पप्पा, कालपासून झोपले नाहीये. उद्याही मलाच लावलंय. घ्यायला या ना." मला तो चार्ट लख्ख आठवला. आठवूनही मी म्हणालो, "पहिलं वर्ष सगळ्यांचंच असं असतं. ॲडजस्ट कर."

बुधवारी ती चालता चालता जिन्यावरून पडली. उजवं मनगट मोडलं.

तिला आणायला गेलो तेव्हा त्याच खोलीत डोकावलो. तोच चार्ट. निळं पेन, खाडाखोड, तिन्ही दिवस. मला ते आधी कसं दिसलं, याचा उलगडा आजवर झालेला नाही. डोळेही तपासून घेतले, काही निघालं नाही.

मनगटात प्लेट आहे. बोटं अजून नीट वळत नाहीत. गेल्या आठवड्यात, ती रबरी बॉल दाबत बसली असताना, मी तिला सगळं सांगितलं.

ती थांबलीसुद्धा नाही. "चार्टचं सोडा हो, पप्पा. तो दिसला नसता तर कॉलेज चांगलं होतं का?"

बॉल निसटून कॉटखाली गेला. मी वाकलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझं मी घेते."