तीन धुण्यांचा रंग

हे लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. आता टाळायला फार वर्षं उरलेली नाहीत, म्हणून आधी एक सांगून टाकतो: एकही रेघ न दुखवता चित्र हलकं करणारा माणूस आमच्या व्याह्यांसारखा उभ्या जिल्ह्यात झाला नाही.

माझ्या मुलीचे सासरे कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मुरुमचे. चाळीस वर्षं त्यांनी कापडाचं दुकान चालवलं, मग ते मुलाकडं सोपवून त्रेसष्टाव्या वर्षी मोबाइलवर बघून बघून प्रोग्रॅमिंग शिकायला बसले. कारण वाकळी, म्हणजे गोधड्या. त्यांच्या दुकानातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून गावोगावच्या बायकांनी ज्या वाकळी शिवल्या, त्यांची नक्षी त्यांना कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची होती. फोटो काढून नव्हे. रेघ कुठून निघते, कुठं वळते, याचे आकडे लिहून. असं चित्र कितीही मोठं करून पाहा, टाका फाटत नाही. फक्त आकडे फार झाले की फाइल जड होते आणि शेतात उभ्या बाईच्या मोबाइलवर उघडता उघडत नाही. मग फालतू आकडे छाटणारं हत्यार लागतं. इंटरनेटवर ती फुकट आणि पुष्कळ. दुसऱ्यानं पहिलं दिसलेलं उचललं असतं. व्याह्यांनी निवडीला दोन वर्षं लावली.

दुपारी मी कळंबहून एसटीनं पोचायचो तेव्हा ते दुकानातल्या जुन्या गादीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले असत. कोऱ्या कापडाचा वास त्या खोलीतून कधी गेलाच नाही. त्या वासात, खिडकीतल्या उन्हात, पडद्यावर एकेक वाकळ हळूहळू उलगडत जाई. आपण कुणाच्या तरी झोपेत अलगद येऊन बसलो आहोत, असं मला वाटे.

"इवाई, ह्ये लई चपळ हाय," ते एका हत्याराबद्दल म्हणाले, "पर धावदोऱ्याचं कंबरडं मोडलं बघा." खरंच, आकडे इतके तासले होते की सरळ टाका झिंगल्यासारखा चालत होता. दुसऱ्या हत्याराला काहीही सांगा, काम न करताच ते 'झालं' म्हणून कळवायचं. "सगळ्याला व्हय म्हणणारा नोकर म्या दुकानात टिकू दिला न्हाय, ह्येला कशाला ठेवू?" तिसरं कॉम्प्युटरवर बसवायला घेतलं तर त्याच्यामागून त्याला लागणारी आणखी तीसएक उतरली. "एकाला जेवायला बोलावलं, तर अख्खं वऱ्हाड आलं! तुमच्याकडचंबी इतकं नव्हतं."

खरी परीक्षा पुढंच होती. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला, चित्रात दिसणार नाही अशा ओळीत, ते शिवणारीचं नाव लिहीत: अमकीची वाकळ, अमक्या गावची, लेकीच्या बाळंतपणासाठी शिवलेली. हत्यारांच्या लेखी हा कचरा. ती सगळ्यात आधी तोच झाडत. कापडाचा रंग पक्का आहे का हे पाहावं तसं व्याही फाइल तीनदा धूत, म्हणजे हत्यारातून तीनदा काढत, आणि कापड मोजायच्या सवयीनं कानडीत मोजत, "ओंदु, एरडु, मूरु." मग उघडून नाव शिल्लक आहे का बघत. "नक्षी कुणीबी राखतंय इवाई. नाव राखणारं पायजे." नाव राखणारं सापडलं त्या दिवशी त्यांनी मला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, आग्रहानं तीनदा वाढली. तेही मोजून.

बासष्ट वाकळी झाल्या. सगळ्या एका पेनड्राइव्हवर, आणि तो किल्ल्यांच्या जुडग्यात. जुन्या लॅपटॉपवर त्यांचा भरवसा नव्हता. नावं वहीत लिहावीत, तर वहीला वाळवी लागते म्हणत. सहा वर्षांमागं कळंबला आम्ही प्रदर्शन भरवलं, तेव्हा तो पेनड्राइव्ह त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "जपा," एवढंच म्हणाले.

तिथला कॉम्प्युटर अडखळत होता. मी फाइली एका आयत्या वेबसाइटवर टाकल्या, पाच मिनिटांत आकारानं निम्म्या करून घेतल्या आणि जुन्यांच्या जागी ठेवल्या. माझं मलाच कौतुक वाटलं. प्रदर्शन छान झालं.

पेनड्राइव्ह परत केल्यावर आठ दिवसांनी फोन आला. "इवाई, चित्रं हायत. बायका न्हाईत."

माझ्या लगेच ध्यानात आलं, नावं त्या वेबसाइटनं झाडली होती. पण मुलीच्या सासऱ्यांपुढं कबूल कसं करायचं? मी म्हणालो, "तुमचं टूलच बिघडलं असेल."

ते म्हणाले, "व्हय. चौथ्या धुण्याला रंग सुटला म्हणायचा. माझीच पारख चुकली."

कापडवाल्यानं असं म्हणणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. तरी मी फोन ठेवला.

आठवली ती एकोणीस नावं त्यांनी पुन्हा लिहिली. बाकीच्यांतल्या बऱ्याचजणी तोवर राहिल्या नव्हत्या, विचारायचं कुणाला? आणि मग ते त्याच हत्याराची पुन्हा परीक्षा घेऊ लागले. दहावं धुणं, चाळीसावं धुणं. "नाव हलंना बघा. मग तवा कसं गेलं?" दर खेपेला मी सांगायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

गेल्या हिवाळ्यात शेवटचा गेलो. त्यांच्या डोळ्यांना कमी दिसत होतं, तोंडानं मोजणं चालू होतं. "नूरु," ते म्हणाले. शंभर. नाव जागच्या जागी होतं. त्यांनी लॅपटॉपवर हलकेच हात फिरवला. "बिचारं निर्दोष हाय. उगंच बोल लावला म्या त्याला. चुकलंच माझं."

मग माझ्याकडं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "च्या आणखी घेणार?"

"घेतो," मी म्हणालो.

पाडव्याच्या आधी ते गेले. त्या दुपारी 'घेतो'च्या जागी मला एवढंच म्हणायचं होतं: व्याही, पारख तुमची चुकली नाही. रंग मी घालवला. मला माफ करा.