साहेबाच्या टाकीतलं कोमट पाणी

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. बावीस वर्षं झाली. अमावास्या, उतारा, दृष्ट, असलं काही मी मानत नाही आणि वर्गात मुलांनाही मानू देत नाही. या सदरातले अनुभव मात्र नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना मनातल्या मनात नापास करते. तेव्हा माझाही पेपर तसाच कडक तपासा. मी रागावणार नाही.

आमचं घर पलूसला, बसस्थानकापासून चालत दहा मिनिटांवर. खाली तीन खोल्या, वर गच्ची. पुढच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला लोखंडी स्टँडवर तीन फुटी काचेची टाकी आहे आणि त्यात एक कासव. लाल कानाचं, परदेशी जातीचं. (आपलं देशी कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, हे आमचे हे येणाऱ्याजाणाऱ्याला बजावून सांगायचे.) हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि सांगलीहून हे कासव घेऊन आले. नाव ठेवलं ‘साहेब’. म्हणायचे, “वीस वर्सं सायबांना सलाम ठोकला, आता एक सायेब माज्या हातनं खातोय बग.”

या साहेबाला पाणी सव्वीस अंशांवर लागायचं. पंचवीस झालं की यांचा जीव वरखाली. त्यासाठी पाण्यात बुडवायचा काचेचा हीटर होता — पाणी गार झालं की त्याचा लाल दिवा आपोआप लागायचा, सव्वीस झालं की विझायचा. सकाळी उठल्यावर चूळ भरायच्या आधी हे टाकीवरचा थर्मामीटर बघायचे. एकदा मी तापाने फणफणले होते तेव्हाही आधी टाकी, मग मी! मी म्हटलं, “अहो, माझं कपाळ कधी एवढ्यांदा बघितलं नाहीत.” तर हे म्हणाले, “आगं, तू सांगतीस तरी ताप आलाय म्हणून. त्यो मुका जीव कुणाला सांगणार?” मी कूस बदलून झोपले.

गेल्या जानेवारीत, संक्रांतीच्या चार दिवस आधी, हे गेले. हार्ट अटॅक. कराडच्या दवाखान्यापर्यंत पोचलो, पुढे काही करता आलं नाही... त्याबद्दल मी लिहू शकत नाही, आणि या गोष्टीला त्याची गरजही नाही.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की घरात साठवलेलं सगळं पाणी ओतून देतात. घागरी, पिंप, बादल्या, सगळं. मी त्या दिवशी शुद्धीत नव्हते म्हटलं तरी चालेल. यांची थोरली बहीण, उंब्रजच्या आक्का, त्यांनीच सगळं हातात घेतलं होतं. नंतरचे बारा दिवस माणसांचे. कोण आलं, कोण गेलं, मला काही आठवत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आक्काही उंब्रजला परत गेल्या. सकाळी नऊच्या सुमारास मी पुढच्या खोलीत आले. फरशी इतकी गार की पाय ठेववत नव्हता, दोन स्वेटर घालून मी कुडकुडत होते. साहेब काचेला नाक लावून पाय मारत होता, भूक लागली की मारतो तसा. थर्मामीटर बघितला. सव्वीस. बरं वाटलं. निदान हे तरी नीट चाललंय म्हटलं, आणि पाणी बदलायचं म्हणून हीटर बंद करायला स्टँडच्या मागे हात घातला.

प्लग काढलेलाच होता. वायर गुंडाळून मागे खोचली होती. हीटर वर ओढून बघितला तर काच वरपासून खालपर्यंत तडकलेली, आत पाणी शिरलेलं.

मी तिथूनच आक्कांना फोन लावला.

“त्ये काचंचं नळकांडं व्हय?” आक्का म्हणाल्या. “त्ये त्याच दिवशी फुटलं की गं. कासव घमेल्यात ठेवलं, टाकीतलं पाणी वतलं, आन् त्यात गार पाणी सोडल्याबरुबर चर्र झालं. म्या भ्याले आन् वायर उपटली.”

“आवं आक्का, मला सांगायचं तरी!”

“कवा सांगू बाय? तू कुटं जाग्यावर व्हतीस?” मग म्हणाल्या, “पर पाणी कोमटच व्हतं की रोज. म्या खायाला टाकायची तवा हाताला लागायचं. म्हटलं तूच कायतरी केलं असशील.”

टाकीतलं पाणीही साठवलेलं पाणी, म्हणून आक्कांनी तेही ओतलं होतं. पाण्याबाहेर चालू राहिलेला हीटर तापतो, त्यावर गार पाणी पडलं की तडकतो. हे आमच्या ह्यांनी शंभरदा सांगितलं असेल, पण ते सांगणारं माणूस त्या वेळी अंगणात झोपवलेलं होतं. म्हणजे तेरा दिवस, ऐन जानेवारीत, हीटर नाही, दिवा नाही, काही नाही. आणि पाणी सव्वीस.

माझा पहिला विचार — थर्मामीटर बिघडला. शाळेतून प्रयोगशाळेचे दोन आणले. तिन्ही एकच आकडा दाखवत होते. मग टाकीतलंच पाणी एका स्टीलच्या बादलीत काढून ती बादली त्याच स्टँडवर, टाकीला खेटून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खोली तेरा अंश, बादली चौदा, टाकी सव्वीस. संध्याकाळीही सव्वीस. तिसऱ्या दिवशीही तेच. आमच्या शाळेतले गणिताचे सर चहाला आले होते, त्यांना दाखवलं. ते ऐटीत म्हणाले, “ऊन पडत असणार मॅडम.” मी म्हटलं, खिडकी उत्तरेला आहे, कुठून पडेल? त्यांनी पाण्यात हात घातला, मग बादलीत घातला, मग रुमालाने हात पुसत चहा प्यायले आणि जाईपर्यंत फक्त दहावीच्या सराव परीक्षेबद्दल बोलले.

आता जे सांगते त्याची लाज वाटते. मला भीती वाटली नाही. मला राग आला. तेरा दिवस मी या माणसाच्या एका खुणेसाठी झुरत होते. स्वप्न नाही, भास नाही, घरात कुठे चाहूल नाही. पिंडाला कावळासुद्धा लगेच शिवला, कसली म्हणून इच्छा मागे राहिली नव्हती म्हणे! आणि इथे कासवाचं पाणी तेवढं सव्वीसवर ठेवलंय. माझ्याकडे यायला काय झालं होतं? मी टाकीजवळ बसून मोठ्याने बोलले, वाट्टेल ते बोलले. मग स्वेटरची बाही वर करून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. ऊब होती. हाताला सगळीकडून सारखी ऊब. किती वेळ तशी बसले माहीत नाही. शाळेला उशीर झाला तेवढं आठवतं. पुढचे तीन दिवस मी रोज सकाळ-संध्याकाळ तशीच हात घालून बसत होते, आणि साहेब माझ्या बोटाला चावायला बघत होता.

रविवारी मी सांगलीला जाऊन नवीन हीटर आणला. का आणला? कारण मी शिस्तीच्या माणसाची बायको. आज पाणी गरम आहे, उद्या नसलं आणि जनावर मेलं तर त्यांना काय तोंड दाखवू, हा विचार सारखा डोक्यात. दुपारी हीटर बसवला, सव्वीसवर लावला, प्लग घातला. दिवा लागला नाही. बरोबरच होतं, पाणी सव्वीसच होतं. मी खुर्ची ओढून समोर बसले.

तास-दीड तासाने लाल दिवा लागला.

मी थर्मामीटर बघितला. पंचवीस. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पंचवीस.

मी उठून प्लग ओढून काढला. “राहू द्या,” मी म्हटलं, “नको मला तो. तुम्हीच बघा.” हीटर पाण्यातून काढून पुन्हा खोक्यात भरला, खोकं कपाटात कोंबलं. काही उपयोग झाला नाही. संध्याकाळपर्यंत बावीस. मी हट्टाने हीटर लावला नाही. मला वाटलं, पाणी फारच गार झालं की ते येतील. साहेबासाठी तरी येतील.

सकाळी पाणी सोळा अंश होतं. साहेब तळाशी, मान आत, पाय आत. काच वाजवली तरी हलला नाही. कपाटातलं खोकं काढून हीटर लावला. एकदम गरम करायचं नाही, हळूहळू चढवायचं, हे त्यांचंच सांगणं. शाळेत रजा कळवली आणि टाकीसमोर बसून राहिले. पाणी तासाला एकेक अंश चढत होतं. दुपारी दोनला त्याने मान बाहेर काढली. तेव्हा मी रडले, ते गेल्यापासून पहिल्यांदा अशी हमसून रडले. आपल्याला कोणी भेटावं म्हणून एका मुक्या जिवाला मी रात्रभर गारठवलं होतं.

साहेब आता ठणठणीत आहे. दिवा लागतो, विझतो, पाणी सव्वीस असतं. त्यात हात घालून बसायचं मी सोडलं, कारण ती विजेची ऊब आहे आणि मला फरक कळतो.

तेरा-चौदा अंशांच्या खोलीत शंभर लिटर पाणी अठरा दिवस कशाने गरम राहिलं, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सापडलं तर जरूर लिहा, मी वाचेन. पण माझी रात्रीची झोप त्या प्रश्नाने जात नाही. मी हीटर आणायची घाई केली, त्याने जाते. आठ दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं? थंडी अजून महिनाभर होती.